लोकर जिथे संपली

उसवलेल्या स्वेटरच्या लोकरीतून पुन्हा तेवढाच स्वेटर कधी होत नाही. कोपरांपाशी लोकर विरलेली असते, मनगटाच्या आणि कमरेच्या पट्टीत ताणून ताणून तिचा जीव गेलेला असतो, काखेत घामाने आणि घासण्याने ती थिजून बसलेली असते. हे सगळं बाजूला काढलं की हातात उरते ती मुख्यतः पाठीची आणि पोटावरची लोकर. दहा औंसांचा स्वेटर उसवून सात-आठ औंस धड लोकर मिळाली तरी नशीब म्हणायचं. ही वजाबाकी टळत नाही आणि तिला उत्तरं दोनच आहेत. नवा स्वेटर जुन्यापेक्षा लहान करायचा, नाहीतर कमी पडलेल्या जागी दुसरी लोकर घालायची. आज ज्याला ‘रेट्रो’ म्हणून कौतुकाने विणलं जातं, तो १९४० च्या दशकातला आखूड, कमरेशीच संपणारा, आडव्या पट्ट्यांचा ब्रिटिश स्वेटर म्हणजे या दोन्ही उत्तरांची बेरीज आहे. ते पट्टे त्या काळच्या फॅशनचे, असं सहसा सांगितलं जातं. मला वाटतं, ते आधी स्वयंपाकघरातल्या तराजूवर ठरले. फॅशनने त्यांचं बारसं मागाहून केलं.

हे होऊ शकलं ते विणीच्या स्वभावामुळे. मागावरच्या कापडात ताणा वेगळा, बाणा वेगळा. कात्री लागली की त्याचा धागा परत वापरायच्या लायकीचा राहत नाही. म्हणून आपल्याकडे जुनेराची गोधडी झाली, वाकळ झाली, पायपुसणं झालं. कापडाचं पुन्हा सूत काही झालं नाही. सुयांवरच्या विणीचं तसं नाही. हाताने विणलेल्या स्वेटरचा प्रत्येक भाग म्हणजे एकच लांबलचक धागा, फासात फास अडकवत नेलेला. शेवटचा बंद केलेला टाका शोधून मोकळा केला आणि धागा ओढला, की ज्या क्रमाने तो विणला गेला त्याच्या उलट क्रमाने, ओळीमागून ओळ, सगळं निमूटपणे सुटत येतं. गोधडीत आजीचं लुगडं कुठलं आणि काकाचा सदरा कुठला हे बोट ठेवून दाखवता येतं. नवा स्वेटर मात्र जुन्याला गिळूनच टाकतो. इतिहास लिहिणाऱ्याची इथेच पंचाईत होते, तिच्याकडे पुढे वळेन.

आधी हिशोब. १ जून १९४१ रोजी, रविवारी, बोर्ड ऑफ ट्रेडचे, म्हणजे व्यापार खात्याचे, अध्यक्ष ऑलिव्हर लिटल्टन यांनी ब्रिटनमध्ये कपड्यांचं रेशनिंग जाहीर केलं. बातमी आधी फुटली असती तर दुकानं रातोरात रिकामी झाली असती, म्हणून इतकी गुप्तता पाळली होती की कपड्यांची स्वतंत्र कूपनंसुद्धा वाटलेली नव्हती. अन्नाच्या रेशन पुस्तकातली मार्गारीनची शिल्लक कूपनंच सुरुवातीला कपड्यांना चालवून घेतली. माणशी वर्षाला ६६ कूपनं. लोकरी झग्याला ११ लागायची, पुरुषाच्या जाकिटाला १३, आणि जंपर किंवा कार्डिगनला ५. (हा ‘जंपर’ म्हणजे तिकडे बायकांचा डोक्यातून घालायचा स्वेटर. आपल्याकडे येताना तोच शब्द ‘झंपर’ झाला आणि लुगड्याखालच्या पोलक्याला जाऊन चिकटला.) विणायच्या लोकरीचा दर दोन औंसांना एक कूपन. पुढे वार्षिक वाटा कमी होत गेला, आणि युद्ध संपल्यावर सप्टेंबर १९४५ ते एप्रिल १९४६ या आठ महिन्यांसाठी माणशी फक्त २४ कूपनं मिळाली. यामागचं कारण काही लपलेलं नव्हतं. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधली सगळीच्या सगळी लोकर ब्रिटिश सरकारने युद्धाच्या आरंभीच विकत घ्यायचं ठरवलं होतं आणि त्यातला मोठा भाग सैन्याचे डगले आणि कांबळी गिळत होती. गिरण्या, जहाजं, माणसं, सगळंच युद्धाला जुंपलेलं होतं.

आता हे आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. साधा बायकी जंपर आठ औंसांत बसतो असं धरलं, तर नवी लोकर आणून तो विणायला चार कूपनं जातात आणि दुकानातला तयार जंपर पाच कूपनांना मिळतो. म्हणजे महिनाभर सुया चालवून वाचतं ते एक कूपन. एवढ्यासाठी कोण बोटं मोडून घेईल? पण आठही औंस जुने असतील तर कूपनं शून्य. आणि चार औंस जुने, चार नवे असा मेळ घातला तर दोन. रेशनिंगच्या काळात हातविणीला खरी किंमत होती ती जुन्या लोकरीमुळे. कोऱ्या लोकरीने विणण्यात फायदा जेमतेम होता. आणि जुनी लोकर जिथे आली तिथे दुसरा रंग आलाच. रंगवण्याच्या एका खेपेतली लोकर दुसऱ्या खेपेतल्या लोकरीशी कोरी असतानाही तंतोतंत जुळत नाही, हे कोणतीही विणणारी बाई सांगेल. मग पाच वर्षं उन्हात वाळलेल्या निळ्याला आजच्या दुकानातला निळा कुठून जुळणार? जवळपास जुळणारी छटा घातली तर ती चूक दिसते. चांगली वेगळी छटा घातली, आणि ती पुन्हा पुन्हा घातली, तर तोच बेत दिसतो. पट्ट्याचा जन्म इथला आहे.

तो आडवाच का, याचं उत्तर सुयांकडे आहे. ओळ संपली की हातातला धागा सोडायचा आणि दुसरा उचलायचा, आडव्या पट्ट्याला एवढंच कौशल्य पुरतं. दोन किंवा चार ओळींनी रंग बदलला तर पहिला धागा आपण सोडला त्याच कडेला वाट पाहत असतो, तो कडेकडेने वर चढवत नेता येतो, तोडावा लागत नाही. तीन ओळींचा पट्टा धरला की धागा एका टोकाला आणि सुई दुसऱ्या टोकाला अशी गंमत होते. उसवलेल्या लोकरीत गाठीही बऱ्याच असतात, कारण विरलेली जागा आली की धागा तुटतो. त्या गाठी ओळीच्या टोकाला आणल्या तर शिवणीत लपतात, म्हणून पुन्हा ओळीच्या टोकालाच धागा बदलणं सोयीचं. उभे पट्टे काढायचे तर प्रत्येक ओळीत प्रत्येक रंगाचा वेगळा गुंडा लोंबकळत ठेवावा लागतो आणि उलट बाजूला त्यांचा गुंता होतो. पट्टा आडवा झाला त्यात सौंदर्यदृष्टीपेक्षा या सोयीचा वाटा मोठा.

उसवण्याची रीतही पाहण्यासारखी आहे, कारण पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून. आधी स्वेटर धुवायचा, मग खांद्याच्या, बगलेच्या आणि बाह्यांच्या शिवणी छोट्या कात्रीने, विणीचा धागा न कापता, उकलायच्या. गळ्याकडून, म्हणजे विणकाम जिथे बंद केलं त्या टोकाकडून सुरुवात करायची. खालून ओढत बसलं तर धागा दर टाक्याला अडतो. निघालेली लोकर थेट गुंड्यात न गुंडाळता खुर्चीच्या पाठीवर किंवा फळीवर गुंडाळून तिची लडी करायची, लडीला चार ठिकाणी सैल बांध द्यायचे. या वेळी धागा शेवयांसारखा कुरळा असतो, कारण प्रत्येक टाक्याने आपली वळी त्यात ठेवलेली असते. तसाच विणला तर टाके वेडेवाकडे पडतात. म्हणून लडी कोमट साबणपाण्यातून काढायची, पिळायची नाही, आणि ओलीच टांगून खाली वजन अडकवायचं. वाळली की ती बरीचशी सरळ होते. मग सैल हाताने गुंडे करायचे आणि ते तोलायचे. हे तोलणं महत्त्वाचं. दोन्ही बाह्यांवर पट्टे सारखे यायला हवेत तर दुय्यम रंगाची लोकर आधीच वाटून ठेवावी लागते. पक्क्या विणणाऱ्या बायका दोन्ही बाह्या एकाच सुईवर, दोन गुंड्यांनी, बरोबरीने विणतात ते याचसाठी. लोकर संपली तर दोन्हीकडे एकाच उंचीवर संपते.

यावर पहिला आक्षेप असा की पट्टे काय युद्धाने शोधले? अर्थातच नाही. फ्रान्सच्या नौदलाने मार्च १८५८ च्या आदेशाने खलाशांच्या विणलेल्या सदऱ्यावर २१ पांढरे पट्टे ठरवून दिले होते, निळ्या पट्ट्यांच्या दुप्पट रुंद. मिशेल पास्तुरो या फ्रेंच इतिहासकाराने तर पट्ट्याच्या कापडावर १९९१ साली अख्खं पुस्तक लिहिलं. मध्ययुगीन युरोपात पट्टे हे बहिष्कृतांचं, विदूषकांचं, वेश्यांचं लक्षण कसं मानलं जाई हे त्यात आहे. पट्टा त्या बदनामीतून सुटून समुद्रकिनाऱ्यावर, खेळाच्या मैदानावर आणि शाळेच्या गणवेशात केव्हाच स्थिरावला होता. स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या फेअर आइल बेटावरची रंगीत, पट्ट्यापट्ट्यांनी मांडलेली वीणही १९२० च्या दशकात प्रतिष्ठित झाली होती, कारण प्रिन्स ऑफ वेल्सने, म्हणजे पुढे सिंहासन सोडणाऱ्या आठव्या एडवर्डने, तसला स्वेटर घालून गोल्फ खेळला होता. म्हणजे डोळा तयार होता, हे मान्य. पण तयार डोळा आणि घडलेली वस्तू यांत अंतर असतं. खलाशाच्या सदऱ्यावरचा पट्टा हुकमाचा आहे: सगळे ठरवून दिलेल्या रुंदीचे, गळ्यापासून कमरेपर्यंत न चुकता. रेशनिंगच्या काळातल्या घरगुती पट्ट्याची चाल वेगळी असते. एक रंग भरपूर, दुसरा थोडका. थोडका रंग खांद्याच्या पट्टीवर, गळ्याशी, मनगटाशी. जिथे जुना स्वेटर आधी झिजतो तिथेच नवा रंग येतो, आणि हे कोणत्याही नौदलाच्या आदेशात नव्हतं.

फेअर आइलचं उदाहरण तर माझ्याच बाजूने बोलतं असं मला वाटतं. त्या विणीत लहान लहान तुकडे खपतात, त्यामुळे युद्धकाळात ती लोकप्रिय झाली हे खरंच आहे. पण तिच्यात एका ओळीत दोन रंग चालतात, आणि ज्या रंगाची पाळी नसते तो मागच्या बाजूने रिकामाच वाहत जातो. म्हणजे अंगावर दिसणाऱ्या लोकरीखेरीज आत दडलेली लोकरही बरीच. ऊब वाढते, वजनही वाढतं, आणि साध्या विणीपेक्षा लोकर जास्त लागते. ज्या घरात रंग अनेक आणि तुकडे बरेच, तिथे हे परवडे. ज्या घरात दोनच जुने स्वेटर आणि त्यांची अपुरी लोकर, तिथे साधा पट्टा. कारण त्याला एक इंचही धागा जास्त लागत नाही.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे. तो असा की हे सगळं सरकारी प्रचाराचं चित्र आहे. बोर्ड ऑफ ट्रेडने १९४३ साली ‘मेक डू अँड मेंड’ ही पुस्तिका काढली, तिला तेव्हाचे अध्यक्ष ह्यू डाल्टन यांची प्रस्तावना होती, आणि ‘मिसेस सो-अँड-सो’ नावाची एक चटपटीत बाहुली जाहिरातींतून बायकांना दुरुस्तीचे धडे देत होती. लोकर कशी उसवावी, कशी धुवावी, मुलांचे कपडे वाढत्या अंगाला कसे पुरवावेत, सगळं त्यात होतं. पण सांगितलं म्हणजे केलं असं थोडंच? शिवाय डिसेंबर १९४१ पासून अविवाहित तरुण बायकांना राष्ट्रीय सेवेची सक्ती झाली. कारखान्यात बारा तास उभी राहिलेली बाई घरी येऊन लड्या कधी धुणार? हा आक्षेप मला अर्धा पटतो. पुस्तिका वाचून देश शहाणा झाला असं मानायचं काही कारण नाही. गरीब घरांना तर तिच्यात नवं काहीच नव्हतं. थोरल्याचं धाकट्याला, आणि धाकट्यालाही पुरलं नाही की उसवून मोजे, हे तिथल्या कामगार वस्त्यांत पिढ्यान् पिढ्या चाललेलं होतं. मध्यमवर्गीय बायकांना त्यांच्याच मोलकरणींची विद्या सरकारी शिक्क्यानिशी शिकवली गेली, असंही म्हणता येईल.

पण नेमकं तेच माझ्या मुद्द्याला बळ देतं. गरिबीतली उसवलेली लोकर लपवायची असते. ती आतल्या बनियनमध्ये जाते, मोज्यांत जाते, एकाच गडद रंगात बुडवून सारखी केली जाते. ती छातीवर मिरवायला दुसरी परिस्थिती लागते, जिथे पैसेवाल्यालाही तेवढीच कूपनं मिळतात. रेशनिंगने श्रीमंतांना गरीब केलं नाही, त्यांची कपाटं आधीच भरलेली होती. पण जोडाजोड करणं त्याने लाजिरवाणं राहू दिलं नाही. विमेन्स व्हॉलंटरी सर्व्हिस या संघटनेने मुलांच्या कपड्यांची अदलाबदल करायची केंद्रं चालवली, तिथे कुणाच्याही मुलाचा कोट कुणाच्याही मुलाच्या अंगावर जात होता. अशा काळात पट्टा लपवायची गरज उरली नाही. तो नीट मांडता आला की झालं. वेळेच्या प्रश्नालाही विणकामाने आपल्यापरीने उत्तर दिलं: रांगेत, आश्रयघरात, रात्रपाळीच्या पहाऱ्यात, पाच-पाच मिनिटांत पुढे सरकणारं दुसरं काम क्वचितच असेल. एक ओळ सुलट, एक उलट आणि चार ओळींनी रंग बदल, याला नमुना समोर धरावा लागत नाही. मंद दिव्यात गडद निळा आणि काळा एकच दिसतात, तेवढं सांभाळायचं.

मग पुरावा कुठे आहे? संग्रहालयांत त्या काळचे स्वेटर आहेत, पण ते फार बोलत नाहीत, कारण जपले गेलेले कपडे हे बहुधा कमी वापरलेले, लग्नाबिग्नाचे, कुणीतरी मुद्दाम ठेवलेले असतात. जो स्वेटर दोनदा उसवून तिसऱ्यांदा विणला गेला तो शेवटी मोज्यांत आणि मग चिंध्यांत संपला. जी चाल पूर्ण यशस्वी झाली तिने स्वतःचा पुरावा खाल्ला. म्हणून मी कपड्यांपेक्षा छापील नमुन्यांवर जास्त विश्वास ठेवतो. पॅटन्स अँड बाल्डविन्ससारख्या लोकर कंपन्या पत्रकं काढत, ‘स्टिचक्राफ्ट’सारखी मासिकं नमुने छापत. या कंपन्यांचा धंदा लोकर विकण्याचा. उरल्यासुरल्या लोकरीचे नमुने छापण्यात त्यांचा काय फायदा? तरी युद्धाच्या वर्षांत असे नमुने छापले गेले, कारण गिऱ्हाइकाच्या हातात दुसरं काही नव्हतं. ज्याला तोटा होतो त्याने दिलेली साक्ष जास्त भरवशाची. नमुनाकार या काळात एक नवीन काम शिकले, ते म्हणजे उणिवेला बेताचं रूप देणं. पट्टा छातीच्या मध्यावर न संपवता खांद्यापर्यंत न्यायचा, बाहीवरचा पट्टा अंगावरच्या पट्ट्याच्या पातळीला आणायचा, गळ्याला तोच रंग लावून आपण हे आधीपासून ठरवलं होतं असा आव आणायचा. हा आव इतका छान जमला की पुढच्या पिढीला तोच खरा वाटला.

कपड्यांचं रेशनिंग १५ मार्च १९४९ ला संपलं. त्यानंतर पट्टा उरला, कारण त्याची सवय झाली होती. कारण मात्र गेलं. १९५० मध्ये ड्यूपाँटचं ऑरलॉन आणि १९५७ मध्ये ब्रिटनच्याच कोर्टोल्ड्सचं कोर्टेल बाजारात आलं, आणि ॲक्रिलिकच्या भडक, स्वस्त, धुतल्यावर न आटणाऱ्या धाग्याने कमतरतेचा प्रश्नच मिटवला. १९७० च्या दशकातले पट्टेरी बिनबाह्यांचे स्वेटर या मुबलकतेचे आहेत. तिथे सात रंग आहेत ते सात परवडले म्हणून. आज तर याचंही पुढचं पाऊल पडलेलं दिसतं. उरलेल्या लोकरीचा वाटावा असा पट्ट्यांचा स्वेटर विणण्यासाठी छोट्या छोट्या कोऱ्या गुंड्यांचा संच मुद्दाम विकत घेता येतो, रंग जुळवून दिलेला. त्याला नावं ठेवायचं मला काही कारण दिसत नाही. ज्याला गरज नाही त्याने गरजेचं सोंग आणलं तर कुणाचं बिघडत नाही. फक्त त्या पट्ट्याच्या रुंदीत एक गोष्ट नसते, ती म्हणजे ‘आता एवढीच उरली आहे’ ही अट. ती अट नसली की पट्टे सुबक होतात, पण त्यांची जागा कशाने ठरली हे सांगता येत नाही.

आणि आजचा दुकानातला स्वेटर उसवायला घेतला तर बहुधा ते जमतही नाही. जुना कारखानदारी स्वेटर पुष्कळदा अंगाच्या आकाराने विणलेल्या भागांचा असे, त्याच्या कडा बंद असत. स्वस्त स्वेटर आता मोठ्या विणलेल्या पटातून कात्रीने कापून, कडा मशीनने ओव्हरलॉक करून जोडतात. त्याचा धागा ओढला की हातभर लांबीचा तुकडा हातात येतो आणि संपतो, कारण प्रत्येक ओळ दोन्ही टोकांना कापलेली असते. अशा मालाला तोडगा जुनाच आहे, यॉर्कशरमधल्या बॅटलीचा. तिथे १८१३ मध्ये बेंजामिन लॉ याने लोकरी चिंध्या पिंजून त्यांचं पुन्हा सूत काढायची रीत बसवली, ‘शॉडी’ नावाची. इंग्रजीत हा शब्द पुढे निकृष्ट मालासाठी शिवीसारखा वापरला जाऊ लागला. तो धंदा आता हरियाणातल्या पानिपतमध्ये आहे. पाश्चात्त्य देशांतले टाकलेले स्वेटर आणि कोट पुन्हा घालता येऊ नयेत म्हणून आधीच चिरून, गठ्ठ्यांनी तिथे येतात. बायका जमिनीवर बसून त्यांची बटणं, चेन आणि लेबलं कापून काढतात आणि लालात लाल, निळ्यात निळा असे ढीग लावतात, कारण रंग वेगळे ठेवले की पुन्हा रंगवायचा खर्च वाचतो.